दोन विहिरी, एक रंग : तक्ते, आलेख आणि नकाशे कसे वाचायचे?

मागच्या आठवड्यात सोनाळ्याहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. पेटची आणि सेटची तयारी सोबतच चालू आहे तिची. म्हणाली, "ताई, पेपर एकमधले ते डेटा इंटरप्रिटेशनचे प्रश्न सोडून दिले तर चालतील का? माझं गणित कच्चं आहे."

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. नेट-सेटच्या पेपर एकमध्ये ५० प्रश्न, १०० गुण आणि दहा घटक असतात. त्यातला एक अख्खा घटक माहितीच्या अर्थनिर्वचनाचा आहे. एक तक्ता किंवा आलेख देतात आणि त्यावर साधारण पाच प्रश्न येतात, म्हणजे दहा गुण. ते सोडू नका, हे झालं परीक्षेपुरतं उत्तर. पण खरं कारण वेगळं आहे. या प्रश्नांत गणित दहावीच्या पुढचं नसतंच. चूक होते ती वाचण्यात. आणि वाचण्याची ही चूक पुढे पीएचडीला लागल्यावरही होते. माझ्याकडून झाली. ती आधी सांगते, मग पद्धत सांगते.

माझा सुंदर आणि चुकीचा नकाशा

माझा विषय संग्रामपूर तालुक्यातलं भूजल. ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुडा आहे. तिथे मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारं अंबाबरवा अभयारण्य आहे. डोंगर संपतो तिथे, पायथ्याशी, सोनाळा. तिथून दक्षिणेला जमीन उतरत उतरत पूर्णा नदीकडे जाते. पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि जाड वाळूचा थर आहे. भूवैज्ञानिक त्याला बजाडा म्हणतात. त्यात पाणी खोल मुरतं. पूर्णेच्या बाजूला मात्र गाळाची काळी, चिकण जमीन आणि खाली खारं पाणी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हाच तो खारपाण पट्टा. म्हणजे एकाच तालुक्यात, एसटीने तासाभराच्या आत, पाण्याची चव बदलते.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही पहिल्या सहामाहीच्या सादरीकरणात मी काय केलं? प्रत्येक तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, सरासरी काढली आणि जिल्ह्याच्या नकाशात तालुकावार रंग भरले. फिकट निळा, गडद निळा, तपकिरी. नकाशा छान दिसत होता. समितीपुढे कुणी फारसं काही विचारलं नाही. मी खूश.

सुट्टीत घरी आले तेव्हा हाच नकाशा आमच्या गल्लीतल्या एका काकांना कौतुकाने दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पोरी, आपली इहीर अन् पूर्णाकाठची इहीर एकाच रंगात काहून टाकली वं? तठलं पाणी तोंडात धरवत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सरासरीने काय लपवलं?

काकांचं म्हणणं आकड्यांत मांडून पाहू. खालचे आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत, समजावण्यासाठी सोपे करून घेतले आहेत. समजा तालुक्यातल्या दहा विहिरी घेतल्या, पाच पायथ्याच्या आणि पाच पूर्णाकाठच्या. टीडीएस मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये :

पायथा : ४२०, ४६०, ५१०, ५४०, ५७० (सरासरी ५००)
पूर्णाकाठ : २६००, २९००, ३२००, ३५००, ३८०० (सरासरी ३२००)
दहाही विहिरींची सरासरी : १८५०

आता पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) बघा. टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आणि पर्यायी स्रोत नसेल तर कमाल मर्यादा २०००. आपली सरासरी १८५०. म्हणजे नकाशात अख्खा तालुका "मर्यादेत". पण नीट बघा, १८५० च्या आसपास पाणी असलेली एकही विहीर या यादीत नाही. निम्म्या विहिरींचं पाणी मर्यादेच्या बरंच वर आहे. सरासरी गणिताने बरोबर आहे, तरी ती ज्याचं वर्णन करते असं पाणी तालुक्यात कुणीच पीत नाही.

मध्यक घेतला तर? ५७० आणि २६०० च्या मधला, १५८५. तोही तसाच फसवा. कारण इथे विहिरींचा एक गट नाही, दोन आहेत. स्तंभालेख काढला असता तर दोन वेगळे उंचवटे लगेच दिसले असते. म्हणून माझा पहिला सल्ला : सरासरी काढण्याआधी सगळे आकडे एकदा ठिपक्यांनी मांडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

ही चूक प्रबंधात राहिली असती तर फार तर दुरुस्ती सांगितली असती. पण असाच तक्ता पाणीपुरवठ्याचा क्रम ठरवणाऱ्या टेबलावर गेला तर? "संग्रामपूर मर्यादेत आहे, आधी दुसरीकडे बघू." एवढं एक वाक्य पुरेसं आहे, आणि पूर्णाकाठची गावं आणखी काही वर्षं तेच पाणी पीत राहतील. एक गोष्ट आणखी. मानकातला "पर्यायी स्रोत नसेल तर" हा तुकडा तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात असतो आणि नक्कल करताना हमखास गळतो. तो गळला की २००० ही नाइलाजाची मर्यादा चांगल्या पाण्याची मर्यादा होऊन बसते.

यातून मी एक सवय लावून घेतली. कुठलाही तक्ता, आलेख किंवा नकाशा समोर आला की आकड्यांकडे नंतर बघायचं. आधी सहा प्रश्न विचारायचे. ते एकेक करून बघू.

१. कुठलं, केव्हाचं, कुणी मोजलं?

म्हणजे शीर्षक आणि खालची टीप. सोपं वाटतं, पण परीक्षेत घाईत नेमकं हेच वाचायचं राहतं. विहिरीची पातळी मे महिन्यातली आहे की ऑक्टोबरमधली? पावसाळ्याआधीचा आकडा आणि पावसाळ्यानंतरचा आकडा शेजारी ठेवून "पाणी वाढलं" असं म्हणता येत नाही. मेची तुलना मेशीच करायची.

२. एकक कुठलं?

आपल्याकडे सगळ्यांना कळेल असं उदाहरण कापसाचं. शेतकरी सांगतो, "एकरी चार क्विंटल झाला." सरकारी तक्ता सांगतो, उत्पादकता हेक्टरी ३४० किलो. (हाही आकडा उदाहरणापुरता.) कुणाला वाटेल, चार क्विंटल म्हणजे ४०० किलो, तेही फक्त एकरात, मग शेतकरी वाढवून सांगतोय किंवा सरकार कमी दाखवतंय. दोघंही खरं बोलतायत.

तक्त्यातला आकडा रुईचा असतो, सरकी काढलेल्या कापसाचा. कापसाच्या गाठीही रुईच्याच मोजतात, एक गाठ १७० किलोची. शेतकरी मात्र सरकीसकट कापूस मोजतो. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश निघते. आपण ३४ टक्के धरू. मग ३४० किलो रुई म्हणजे १००० किलो कापूस, म्हणजे हेक्टरी १० क्विंटल. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. १० भागिले २.४७, आले ४.०५. एकरी चार क्विंटल!

इथे दोन एककं बदलली : काय मोजलं (रुई की कापूस) आणि किती जागेवर मोजलं (हेक्टर की एकर). परीक्षेत "हजार टन", "लाख गाठी", "कोटी रुपये" असे शब्द तक्त्याच्या कोपऱ्यात असतात. पेन्सिलने त्याला गोल करा, मगच पुढे जा.

३. कशापैकी? म्हणजे छेद कुठला?

माझ्या मते सहा प्रश्नांतला हा सगळ्यात महत्त्वाचा. टक्केवारी दिसली की लगेच विचारा, कशाचे टक्के?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि साक्षरता ८२.३४ टक्के. तर साक्षर माणसं किती? नव्वद टक्के विद्यार्थी थेट गुणाकार करतील, असा माझा अंदाज. उत्तर येतं सुमारे ९ कोटी २५ लाख. चूक. जनगणनेत साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यावरील लोकसंख्येवर काढतात. त्यातून ० ते ६ वयाची १,३३,२६,५१७ मुलं वगळावी लागतात. उरतात ९,९०,४७,८१६. त्याचे ८२.३४ टक्के म्हणजे सुमारे ८ कोटी १६ लाख. फरक किती पडला? जवळजवळ १ कोटी १० लाख! छेद न वाचल्यामुळे तुम्ही पाळण्यातल्या बाळांनाही साक्षर करून टाकलं.

छेद बदलला की चित्रही उलटं होऊ शकतं. आपल्याच जिल्ह्याचं बघा. २०११ मध्ये बुलढाण्यात दर हजार पुरुषांमागे ९३४ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. म्हणजे आपण राज्याच्या पुढे. आता फक्त ० ते ६ वयोगट घ्या. बुलढाणा ८५५, राज्य ८९४. आता आपण बरेच मागे. जनगणना एकच, वर्ष एकच, जिल्हा एकच. पहिल्या आकड्यात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या आहेत. शिवाय कामासाठी बाहेरगावी गेलेले पुरुष त्यातून वजा झालेले असू शकतात. दुसऱ्या आकड्यात फक्त आदल्या सहा-सात वर्षांत जन्मलेली मुलं आहेत. मुली जन्मू दिल्या जातात का, जगवल्या जातात का, हे विचारायचं असेल तर दुसरा आकडा बघावा लागतो. पहिलाच आकडा ठळक छापून "जिल्हा राज्यात सरस" असं म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण तुम्ही तिथेच थांबलात तर तुमची फसगत होते.

४. अक्ष कुठून सुरू होतो आणि कुठल्या दिशेने वाढतो?

वरचेच ९३४ आणि ९२९ घ्या आणि स्तंभालेख काढा. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतील. आता अक्ष ९२५ पासून सुरू करा. बुलढाण्याचा स्तंभ ९ एकक उंच, राज्याचा ४ एकक. दुपटीहून मोठा! स्तंभालेखात आपला डोळा लांबी मोजतो, म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच हवा. रेषालेखात हा नियम इतका कडक नाही, कारण तिथे आपण चढ-उतार पाहतो. तापमानाचा रेषालेख शून्यापासून काढायचं काही कारण नाही.

दिशेचा सापळा भूजलात नेहमी येतो. विहिरीची पातळी "जमिनीखाली किती मीटर" अशी नोंदवतात. रेषा ८ वरून १४ वर चढली की नवखा माणूस लिहितो, पाणी वाढलं. प्रत्यक्षात ते सहा मीटर खाली गेलं! म्हणून चांगल्या आलेखात हा अक्ष उलटा काढतात, शून्य वर आणि खोली खाली. पण सगळेच तसं करत नाहीत. अक्षावरचं नाव वाचायचं, मगच "वाढ" किंवा "घट" हा शब्द वापरायचा.

५. रंगांच्या सीमा कुठे पाडल्या?

पावसाळ्यात हवामान विभागाचा जिल्हावार पावसाचा नकाशा आपण सगळेच मोबाईलवर पाहतो. त्यातले वर्ग असे : दीर्घकालीन सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त म्हणजे सामान्य, तो हिरवा. २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तुटीचा, तो लाल. ६० ते ९९ टक्के कमी म्हणजे मोठ्या तुटीचा, तो पिवळा.

आता गंमत बघा. आपल्या डोक्यात लाल म्हणजे सगळ्यात वाईट. या नकाशात पिवळा लालपेक्षा वाईट आहे. सूची न वाचता नकाशा पाहणारा माणूस पिवळा जिल्हा पाहून "चला, तिकडे जरा बरं आहे" म्हणेल, आणि नेमकं उलटं वाचेल.

दुसरी गोष्ट. १९ टक्के तूट हिरवी आणि २० टक्के तूट लाल. शेतात हा एक टक्का कुणाला जाणवत नाही, पण नकाशात रंग बदलतो. उलट २० टक्के आणि ५९ टक्के तूट दोन्ही लालच, आणि शेतात त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक. पैसेवारीचंही असंच. ५० पैशांच्या आतलं गाव टंचाईच्या यादीत येतं, ५१ पैशांचं गाव बाहेर राहतं. सीमा कुठे तरी पाडावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. वाचणाऱ्याने मात्र सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांना फार वेगळं समजू नये आणि एकाच वर्गातल्या आकड्यांना फार सारखं समजू नये.

तिसरी गोष्ट, "सामान्य" हा शब्द. अख्ख्या देशाच्या मोसमी पावसाचा अंदाज देताना सरासरीच्या ९६ ते १०४ टक्क्यांना सामान्य म्हणतात. जिल्ह्यासाठी उणे १९ ते अधिक १९. शब्द तोच, पट्टा वेगळा. कारणही सरळ आहे : क्षेत्र मोठं असलं की कुठे कमी, कुठे जास्त होऊन एकूण बेरीज सरासरीजवळ राहते. म्हणून "देशात सामान्य पाऊस" हे वाक्य वाचून सोनाळ्यातल्या विहिरीबद्दल काहीही ठरवता येत नाही.

६. हद्द कुणी आखली?

आता माझ्या चुकीच्या मुळाशी येऊ. मी तालुक्याच्या हद्दीत रंग भरला. तालुका ही कारभारासाठी आखलेली हद्द आहे. पाणी दगड-मातीच्या थराप्रमाणे बदलतं, तहसीलप्रमाणे नाही. हद्दीत रंग भरलेला नकाशा दोन खोट्या गोष्टी एकदम सुचवतो : हद्दीच्या आत सगळं सारखं आहे, आणि हद्द ओलांडली की एकदम बदलतं.

दुसरा गोंधळ आकाराचा. असा नकाशा पाहताना डोळा मोठ्या क्षेत्राला जास्त महत्त्व देतो. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला जंगल आहे, तिथे वस्ती विरळ. पण रंग जंगलावरही भरला जातो. म्हणजे तुम्ही झाडांनाही "पाणी पिणारे लोक" म्हणून मोजता. लोकांबद्दल बोलायचं असेल तर नकाशात लोक राहतात तिथेच खूण हवी.

याउलट भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा उघडून बघा. त्यात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समोच्च रेषा दर २० मीटरला. सोनाळ्याच्या उत्तरेला या रेषा एकमेकींना खेटून आहेत, म्हणजे चढ तीव्र. दक्षिणेला त्या एकदम विरळ होतात, म्हणजे सपाटी. कोरड्या नाल्यांचे पात्र काळ्या रेघेने दाखवतात, पाणी निळ्या रंगाने. या नकाशात तालुक्याच्या हद्दीची तुटक रेघ शोधावी लागते, पण डोंगर कुठे संपतो ते लगेच दिसतं. पाण्याची चव कुठे बदलेल याचा अंदाज माझ्या रंगीत नकाशापेक्षा या नकाशातून जास्त येतो. मी तो आधी उघडला असता तर काकांपुढे गप्प बसायची वेळ आली नसती.

आलेख जे सांगत नाही ते

सहा प्रश्न झाले की मग आकडे वाचा. आणि वाचून झाल्यावर शेवटचा विचार : यातून काय सिद्ध होत नाही?

संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल लोक अनेक वर्षांपासून बोलतायत आणि बोट दाखवतात ते खाऱ्या पाण्याकडे. समजा तुम्ही गावागावाचा टीडीएस आडव्या अक्षावर आणि रुग्णसंख्या उभ्या अक्षावर घेतली आणि ठिपके वर चढताना दिसले. तर पाण्यामुळेच आजार होतो असं सिद्ध झालं का? अजून नाही. गाव मोठं असेल तर रुग्ण जास्त असणारच, म्हणून आधी दर हजारी दर काढा. मग वय बघा, मधुमेह आणि रक्तदाब बघा, उन्हातलं काम बघा, वेदनाशामक गोळ्यांचं प्रमाण बघा. जिथे तपासणी शिबिर झालं तिथे रुग्ण जास्त "सापडतात", तेही बघा. शिवाय गावाच्या सरासरीवरून एका माणसाबद्दल बोलता येत नाही. त्या गावातला रुग्ण नेमकं विहिरीचं पाणी पितो, नळाचं की कॅनचं, हे त्या ठिपक्यात नाहीच.

याचा अर्थ लोकांचं म्हणणं खोटं असा मुळीच नाही. "सिद्ध झालं नाही" आणि "खोटं आहे" यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर विसरून कुणी गावकऱ्यांना गप्प करत असेल तर तेही चुकीचंच वाचन. आलेखाने फक्त पुढे कुठे जायचं ते दाखवलं.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू घराघरानुसार नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती खुणांची गर्दी दिसली. पण स्नो नकाशावर थांबले नाहीत. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार का वाचले, हे त्यांनी जाऊन विचारलं. कामगार बिअर पीत आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. नकाशात न बसणारी ही माणसंच सगळ्यात मोठा पुरावा ठरली. तुमच्याही आलेखात गर्दीपासून दूर पडलेला एखादा ठिपका असेल. तो खोडू नका, त्या गावाला जा.

परीक्षेपुरतं थोडं

वेळ कमी असतो, म्हणून हा क्रम ठेवा : शीर्षक, एकक, सूची, टीप, मग प्रश्न, मग फक्त लागणारे आकडे. अख्खा तक्ता वाचत बसू नका. पर्याय एकमेकांपासून दूर असतील तर अंदाजे भागाकार पुरतो.

टक्के आणि टक्केबिंदू यांत घोळ करू नका. महाराष्ट्रात स्त्री-साक्षरता २००१ मध्ये ६७.०३ टक्के होती, २०११ मध्ये ७५.८७. वाढ ८.८४ टक्केबिंदूंची. टक्क्यांत काढली तर ८.८४ भागिले ६७.०३, म्हणजे सुमारे १३.२ टक्के. पर्यायांत दोन्ही उत्तरं देतात, कारण निम्मे विद्यार्थी कुठे अडखळतात ते त्यांना माहीत असतं.

आणि "दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही" हा पर्याय भरतीचा समजू नका. कधी कधी तेच बरोबर उत्तर असतं.

सराव

आधी स्वतः सोडवा, मग उत्तरं बघा.

१) २०११ मध्ये बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ आणि क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. घनता किती? राज्याची घनता ३६५ आहे. यावरून जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याची घनता ३६५ पेक्षा कमी आहे असं म्हणता येईल का?

२) २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या २२,३२,४८० होती. दशकातली वाढ किती टक्के?

३) महाराष्ट्रात २०११ मध्ये पुरुष-साक्षरता ८८.३८ आणि स्त्री-साक्षरता ७५.८७ टक्के. दोन्हींची सरासरी ८२.१३ येते, पण राज्याचा दर ८२.३४ आहे. का?

४) एका जिल्ह्यात पावसाची तूट ५९ टक्के, शेजारच्या जिल्ह्यात ६० टक्के. हवामान विभागाच्या नकाशात रंग कोणते? परिस्थितीत फरक किती?

उत्तरं :

१) सुमारे २६८. दुसऱ्या भागाचं उत्तर : सांगता येत नाही. जिल्ह्याचा आकडा सरासरीचा आहे, तालुके त्याच्या वर-खाली असतात. (माझ्या दहा विहिरी आठवा.)

२) वाढ ३,५३,७७८. भागिले २२,३२,४८०, म्हणजे सुमारे १५.८५ टक्के. छेदात जुनं वर्ष घ्यायचं, नवं नाही.

३) कारण पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे, म्हणून एकूण दर पुरुषांच्या दराकडे थोडा झुकतो. दोन टक्केवाऱ्यांची साधी सरासरी तेव्हाच चालते, जेव्हा दोन्हींचे छेद सारखे असतात.

४) पहिला लाल, दुसरा पिवळा. परिस्थितीत फरक नगण्य.

चारही जमले असतील तर तुमचं गणित कच्चं नाही. फोन करणाऱ्या त्या मुलीलाही मी हेच चार प्रश्न पाठवले होते. तिचे तीन बरोबर आले. चुकला तो पहिल्याचा दुसरा भाग. तिने "हो" लिहिलं होतं.

माझ्या नकाशाचं पुढे काय झालं, तेही सांगते. तालुक्यांचे रंग काढून टाकले. प्रत्येक विहीर एक ठिपका, ठिपक्याचा रंग टीडीएसप्रमाणे, खाली समोच्च रेषा आणि तालुक्याची हद्द अगदी बारीक रेघेत. आता पायथ्याचे आणि पूर्णाकाठचे ठिपके दोन पट्ट्यांत आपोआप वेगळे दिसतात. पहिल्यासारखा देखणा तो नाही. सूचीत मोजणीचा महिना, विहिरींची संख्या आणि "पर्यायी स्रोत नसेल तर" ही अटही लिहिली आहे.

दिवाळीत तो घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, आपली विहीर शोधली, मग बोट खाली पूर्णेकडे नेलं. एका मोकळ्या जागेवर बोट थांबलं. "अन् इथली इहीर नाही मोजली का वं?"

नव्हती मोजली. पुढच्या मे महिन्यातल्या यादीत ती पहिली आहे.